दिवाणाचे शास्त्र आणि राजाची जाण

बडोद्याच्या इतिहासाशी ज्यांचा थोडासा तरी परिचय आहे, त्यांच्या कानावर एक आख्यायिका आलेलीच असते. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यानंतर १८७५ साली गादीसाठी दत्तक निवडावयाचा होता. त्याकरिता नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून गायकवाड घराण्याच्या एका शाखेतील मुले बडोद्यास आणण्यात आली. महाराणी जमनाबाईसाहेबांनी प्रत्येकाला विचारले, "बाळ, तू इथे कशासाठी आलास?" इतरांनी मुलांसारखी उत्तरे दिली. बारा वर्षांचा गोपाळराव मात्र म्हणाला, "राज्य करायला आलो आहे." आणि राज्य त्यालाच मिळाले. हाच गोपाळराव पुढे सयाजीराव महाराज (तिसरे) या नावाने त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ गादीवर होता.

गोष्ट गोड आहे आणि आम्ही शिक्षक ती वर्गात रंगवून सांगतो. मात्र तिच्यातून मुलांच्या मनावर जे ठसते त्याचा विचार आपण क्वचितच करतो. नेतृत्व हे जन्माबरोबर येते, ज्याला ते लाभले त्याला आतून सर्व काही उमगते, शिक्षण व सल्लागार हे केवळ उपचार होत, असा तिचा मथितार्थ आहे. याच्या अगदी उलट टोकाचे मतही आज सुशिक्षितांत रूढ आहे. राज्यकारभार हे शास्त्र आहे. ते जाणणाऱ्यांच्या हाती द्यावे आणि वरच्याने केवळ सही करावी, म्हणजे सर्व सुरळीत चालेल, असे हा पक्ष मानतो. या दोन्ही मतांची पारख करण्यास बडोदे संस्थानाइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल. १८७४ पासून १९१७ पर्यंतच्या सुमारे त्रेचाळीस वर्षांत तेथे तज्ज्ञ आणि राजा यांचे संबंध किती निरनिराळ्या प्रकारचे असू शकतात, हे क्रमाने पाहावयास मिळते.

आरंभ अपयशाने होतो. मल्हाररावांचा कारभार इतका बिघडला होता की ब्रिटिश सरकारने सुधारणेसाठी मुदत घातली होती. सोन्याच्या तोफा ओतविणाऱ्या या राजाच्या राज्यात रयतेच्या वसुलीला धरबंध उरला नव्हता. अशा वेळी १८७४ साली दादाभाई नौरोजी दिवाणपदावर आले. देशाच्या अर्थव्यवहाराचा दादाभाईंइतका अभ्यास केलेला माणूस त्या काळी विरळा होता आणि त्यांच्या सचोटीविषयी तर शत्रूलाही शंका नव्हती. आपल्याबरोबर त्यांनी निवडक, सुशिक्षित सहकारी आणले होते. तरीही १८७५ च्या जानेवारीत ते सहकाऱ्यांसह पदत्याग करून बाहेर पडले. एका बाजूने रेसिडेंट कर्नल फेअर यांचा विरोध आणि दुसऱ्या बाजूने दरबारातील जुन्या मंडळींचा अडथळा, यांत वर्षभराच्या आतबाहेर त्यांचा दम कोंडला. ज्या राजाची त्यांनी बाजू सावरावयाची होती, त्या राजाचाच त्यांना मनापासून आधार नव्हता. म्हणजे येथे ज्ञान होते, निष्ठा होती, सहकारी होते. नव्हता तो फक्त ज्ञानाला आश्रय देणारा धनी. पहिला धडा हा, की तज्ज्ञ स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही.

पुढे रेसिडेंटवर विषप्रयोगाचा प्रयत्न केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात तीन इंग्रज व तीन हिंदी सभासद होते. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे ते तिघे हिंदी सभासद. मंडळात एकमत झाले नाही. सरकारने मग आरोपाचा प्रश्न बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर केले. मे महिन्यात गोपाळराव दत्तक झाला आणि अल्पवयीन राजाच्या नावाने कारभार पाहण्यास राजा सर टी. माधवराव आले.

माधवरावांचे चरित्र आपल्या मंडळींना विशेष जिव्हाळ्याचे वाटावे असे आहे. ते १८२८ साली कुंभकोण येथे जन्मले. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत स्थायिक झालेल्या देशस्थ ब्राह्मण घराण्यांपैकी त्यांचे घराणे होते आणि त्यांचे वडील व चुलतेही त्रावणकोरच्या दिवाणपदावर होते. मद्रास येथे शिक्षण घेताना त्यांनी गणितात नाव मिळविले, काही काळ तेथील सरकारी हिशेब खात्यात काम केले, नंतर ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५७ साली एकोणतिसाव्या वर्षी त्या संस्थानाचे दिवाण झाले. तेथील खजिना त्या वेळी रिता होता. मिरी व तंबाखू यांच्या व्यापारावरील सरकारी मक्ते त्यांनी मोडले, जाचक कर उठविले, कर्ज फेडले; आणि १८७२ साली ते पायउतार झाले तेव्हा त्रावणकोर हे आदर्श संस्थान म्हणून ओळखले जात होते. त्यानंतर तुकोजीराव होळकरांच्या इंदुरात १८७३ पासून त्यांनी दिवाणगिरी केली आणि तेथूनच ते बडोद्यास आले. गणिती, हिशेबनीस, शिक्षक आणि दिवाण अशा चार पायऱ्या चढून आलेला हा माणूस होता. तज्ज्ञ या शब्दाला त्याच्याहून योग्य उदाहरण शोधावयास नको.

बडोद्यात त्यांना सहा वर्षे मोकळीक मिळाली. राजा अल्पवयीन, रेसिडेंसी अनुकूल, दरबार भयभीत. दादाभाईंना जे मिळाले नाही ते सर्व माधवरावांना परिस्थितीने दिले, हे त्यांचे यश मोजताना विसरून चालणार नाही. त्यांनी सावकार व सरदारांचे जुने तंटे मिटविले, वसुलीची घडी बसविली, न्यायालये व पोलीस यांची रीतसर रचना केली आणि खर्चाला मर्यादा घातली. दरसाल कारभाराचा छापील अहवाल प्रसिद्ध करण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. ही शेवटची गोष्ट वरकरणी किरकोळ दिसते. पण जेथे कालपर्यंत खजिन्याचा हिशेब राजाच्या लहरीबरोबर हेलकावे खात होता, तेथे तो आकड्यांत मांडून चारचौघांपुढे ठेवणे हा मोठाच पालट होता. तज्ज्ञाचे खरे सामर्थ्य येथे दिसते. तो कारभार व्यक्तीच्या हातून काढून पद्धतीच्या हाती देतो.

या काळातील माधवरावांचे सर्वांत दूरगामी काम मात्र कचेरीत झाले नाही. ते शाळेत झाले. कवळाण्याहून आलेल्या मुलाला अक्षरओळख नव्हती. त्याच्या शिक्षणासाठी एलियट या मुलकी अधिकाऱ्याची नेमणूक झाली आणि सहा वर्षे एखाद्या गरीब होतकरू विद्यार्थ्याने करावा तसा त्या मुलाने अभ्यास केला. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्याला मुखत्यारी मिळावयाची होती. त्या वर्षी माधवरावांनी त्याच्यापुढे राज्यशास्त्रावर व्याख्यानमाला दिली आणि ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. अठरा वर्षांच्या राजाला एका अनुभवी दिवाणाने दिलेले हे पाठ आजही वाचनीय आहेत. प्रजेचे सुख हे राज्याचे प्रयोजन. राजवाड्याचा खर्च उत्पन्नाच्या ठराविक प्रमाणात. कायदा राजाच्या इच्छेहून वरचा. माणसे पारखून नेमावीत, नेमल्यावर त्यांच्या कामात हात घालू नये. जे काम दुसरा करू शकतो ते राजाने स्वतः करू नये, असे त्यांचे सार सांगता येईल.

या उपदेशात एक गोष्ट गृहीत धरली आहे, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. खाती कोणती असावीत, हे येथे आधीच ठरलेले आहे. न्याय, वसूल, पोलीस, बांधकाम, आरोग्य, शिक्षण ही नावे ठरलेली, त्यांच्या मर्यादा ठरलेल्या. राजाने प्रत्येक खात्यावर योग्य माणूस नेमावा आणि त्याच्या सल्ल्याने वागावे. पण एखादे काम आजवर कोणत्याच राज्याने आपले मानलेले नाही, ते आपले मानावे किंवा नाही, हा प्रश्न उभा राहिला म्हणजे कोणत्या खात्याचा सल्ला घ्यावयाचा? आधीचा अनुभव हे तज्ज्ञाचे भांडवल. जेथे आधीचा अनुभवच नाही तेथे त्याचे भांडवल संपते. तेथून पुढे जी चालते ती राजाची जाण.

मुखत्यारी मिळाल्यावर वर्षभरातच, १८८२ मध्ये, माधवराव बडोदे सोडून गेले. शिकविणारा दिवाण आणि शिकून तयार झालेला राजा यांचे एका म्यानात फार दिवस जमत नाही, हे स्वाभाविकच आहे. तरुण महाराजांनी राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांचे दौरे सुरू केले. बडोद्याचे राज्य सलग नव्हते. कडी, बडोदे, नवसारी आणि दूर काठेवाडात अमरेली असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. या सर्व भागांत महाराज पुनःपुन्हा हिंडले. खेड्यात जन्मलेल्या आणि बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर राहिलेल्या या राजाला खेड्यातील निरक्षर मुलगा दिसला म्हणजे जे दिसत असेल, ते दुसऱ्या कोणत्या संस्थानिकाला दिसणे शक्य नव्हते. येथे अंतःप्रेरणा हा शब्द वापरावयाचा असेल तर खुशाल वापरावा. परंतु ती आकाशातून पडलेली नव्हती. बारा वर्षे कवळाण्याची आणि सहा वर्षे एलियट व माधवराव यांची, या दोहोंच्या संयोगातून ती आली होती. निरक्षरता म्हणजे काय आणि सहा वर्षांच्या शिक्षणाने माणूस कोठून कोठे जातो, हे दोन्ही त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले होते.

या जाणिवेचे फळ म्हणजे १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू झालेला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग. त्या काळी सक्तीचे शिक्षण ही कल्पना हिंदुस्थानात जवळजवळ अश्रुत होती. खुद्द इंग्लंडातही शाळेत जाण्याची सक्ती सर्वत्र लागू होऊन पुरती पंधरा वर्षे लोटली नव्हती. आपल्याकडे आक्षेपांना तोटा नव्हता. शेतकऱ्याचे मूल गुरामागे जाते, ते शाळेत गेले तर गुरे कोणी राखावयाची? मुलींना घराबाहेर कोण पाठविणार? इतके शिक्षक कोठून आणावयाचे? आणि सक्ती म्हटली की दंड आला, दंड म्हटला की गावकामगाराचा जुलूम आला. हे आक्षेप मूर्खांचे नव्हते. शाळा चालविणाऱ्या कोणालाही ते खोटे म्हणता येणार नाहीत. पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत हजेरीपट हातात घेणाऱ्या मुख्याध्यापकाला त्यांचा प्रत्यय दरसाल येतो.

महाराजांनी या आक्षेपांना दोन प्रकारे उत्तर देता आले असते. राजा होते, हुकूम काढून सर्व राज्यावर सक्ती लादता आली असती. अथवा तद्विदांचा प्रतिकूल अभिप्राय घेऊन विषय दप्तरी दाखल करता आला असता. त्यांनी दोन्ही टाळले. राज्याच्या एका टोकाच्या एका तालुक्यातील मोजक्या गावांत योजना लागू केली, तिचे काय होते ते पाहिले, हळूहळू तालुक्यात पसरविली आणि मध्ये पुष्कळ वर्षे जाऊ दिली. या अवधीत छपन्नाच्या दुष्काळाचे, म्हणजे १८९९-१९०० चे, भयंकर संकट आले. त्या वेळी महाराजांनी दुष्काळी भागांत स्वतः फिरून जे पाहिले त्याची टिपणे १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. राजाने दुष्काळाची टिपणे लिहावीत, छापावीत, हा माधवरावांच्या छापील अहवालाचाच संस्कार होय. फरक इतकाच की अहवाल कचेरीत बसून लिहिला जातो आणि ही टिपणे पायांनी लिहिली होती. अखेर १९०६ साली, म्हणजे अमरेलीच्या प्रयोगानंतर तेरा वर्षांनी, सर्व राज्यात शिक्षण सक्तीचे झाले.

ही तेरा वर्षे मला या सर्व इतिहासाचा गाभा वाटतात. मुलांनी शिकावे ही जाण एका क्षणाची असू शकेल. ती खरी की खोटी हे ठरविण्यास तेरा वर्षे लागली. अंतःप्रेरणेवर विसंबणारे बहुतेक नेते येथेच फसतात. स्वतःला जे उमगले ते सिद्धच आहे असे समजून ते सर्व राज्याला एका दिवसात त्यात लोटतात. सयाजीरावांनी आपल्या जाणिवेला साक्षीपुराव्याच्या कोर्टात उभे केले. आपलेच म्हणणे तपासून पाहण्याची ही तयारी त्यांना कोणी दिली असेल, तर हिशेबावाचून पाऊल न टाकणाऱ्या त्या गणिती दिवाणाने, असे मला वाटते.

बडोद्याच्या या उदाहरणाचे मोल बाहेर लवकरच कळले. नामदार गोखल्यांनी १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १९११ च्या मार्चमध्ये विधेयक आणले, तेव्हा हिंदुस्थानात हे होऊ शकत नाही असे म्हणणारांना दाखविण्यासाठी त्यांच्या हाती बडोद्याचा दाखला होता. गोखले स्वतः आकड्यांचे पंडित. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. तज्ज्ञता गोखल्यांकडे होती, अनुभवाचा दाखला बडोद्याने दिला होता; पण ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना हे काम आपले वाटत नव्हते. दादाभाईंची कहाणी निराळ्या रंगभूमीवर पुन्हा झाली. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत हे ध्येय मार्गदर्शक तत्त्व म्हणून आले, २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमरेलीपासून मोजले तर या वाटेला एकशे सतरा वर्षे लागली.

सक्तीच्या शिक्षणाने एक नवीनच प्रश्न उभा केला आणि त्याच्या उत्तरात तज्ज्ञ व जाणता यांचा मेळ सर्वांत सुंदर साधलेला दिसतो. खेड्यातील मुलगा चार-पाच वर्षे शाळेत गेला आणि नंतर त्याच्या हाती छापील कागद कधी पडलाच नाही, तर शिकलेली अक्षरे तो विसरतो. शाळेमागोमाग ग्रंथालय गेले नाही तर शाळेवरील खर्च वाळूत पाणी ओतल्यासारखा होतो. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. हे काम आपल्याकडे कोणाला येत नाही हे ओळखून त्यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बोर्डन हे न्यू हेवन येथील ग्रंथालयाचे पाल असून ग्रंथालयशास्त्राचे अध्यापनही त्यांनी केले होते. तीन वर्षांत त्यांनी राजवाड्यातील खासगी संग्रहाच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, ग्रंथवर्गीकरणाची पद्धत बसविली आणि येथील तरुणांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग चालविला. या वर्गाचे महत्त्व विशेष. परदेशी तज्ज्ञ आणताना तो परत गेल्यावर काम कोण चालविणार, याचा विचार आधी झालेला होता. बोर्डन १९१३ मध्ये गेले आणि जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्या मराठी माणसाने ती धुरा पुढे वाहिली.

परंतु बोर्डन यांना चरोतरातील खेडे ठाऊक नव्हते. ते मोतीभाई अमीन यांना ठाऊक होते. मोतीभाई हे पेटलादकडील एक शिक्षक. सरकारी ग्रंथालय खाते निघण्यापूर्वीच त्यांनी मित्रमंडळ ग्रंथालये काढून गावोगाव वाचनाची गोडी लावली होती. ग्रंथपालनाचे शास्त्र त्यांनी कोठे शिकलेले नव्हते. शाळा सुटल्यावर मुलांच्या हाती काय पडावे हे मात्र त्यांना शिक्षक म्हणून आतूनच कळले होते. राज्याने या माणसाला बाजूस सारले नाही. नव्या खात्यातच घेतले. खेड्यात ग्रंथालय काढताना खर्चाचा एक वाटा गावकऱ्यांनी उभारावा, तेवढाच प्रांतपंचायतीने आणि तेवढाच सरकारने द्यावा, असा नियम झाला. लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये गावोगाव जाऊ लागली. बोर्डन यांचे वर्गीकरण आणि मोतीभाईंची पेटी, ही दोन्ही एका खात्यात नांदली हे बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचे मर्म आहे. एका शाळामास्तराच्या जाणिवेला अमेरिकेहून आणलेल्या तज्ज्ञाच्या शेजारी जागा मिळते, तेव्हा ते राज्य सुराज्य होण्याच्या मार्गास लागले असे समजावे.

येथे हा लेख संपविता आला असता तर वाचकाच्या मनात एक प्रसन्न चित्र राहिले असते. परंतु इतिहास लिहिणाराने आवडते पान उघडे ठेवून नावडते मिटू नये. अस्पृश्यांच्या शिक्षणाचे काम महाराजांनी मुखत्यारी मिळाल्याबरोबर हाती घेतले होते. त्यांच्यासाठी उघडलेल्या शाळांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक येईनात, तेव्हा प्रारंभी मुसलमान शिक्षकांकडून काम चालवावे लागले. १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना महाराजांनी त्या कामावर आणले. आणि १९१३ साली मुंबईच्या भीमराव रामजी आंबेडकर या पदवीधर तरुणाला उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याकरिता बडोदे सरकारने शिष्यवृत्ती दिली. माणूस पारखण्याच्या बाबतीत याहून अचूक निर्णय आधुनिक भारताच्या इतिहासात फारसे झाले नसतील.

कोलंबिया विद्यापीठात व नंतर लंडनला शिकून, करारानुसार संस्थानाची नोकरी करण्यासाठी आंबेडकर १९१७ साली बडोद्यास आले. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा शिकलेला माणूस संस्थानात कोण होता? तज्ज्ञ हवा म्हणून राज्याने स्वतःच्या पैशाने घडविलेला हा तज्ज्ञ. पण शहरात त्यांना राहण्यास कोणी जागा देईना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला त्यांचा अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. कचेरीतील शिपाईसुद्धा विटाळ मानून त्यांच्यापुढे कागद दुरून टाकीत. एके दिवशी काठ्या घेतलेला जमाव विश्रामगृहात आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी दोन स्नेह्यांची दारे ठोठावली; एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही निमित्ते सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते शहरातील सार्वजनिक बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या राज्याने त्यांना समुद्रापार पाठविले, त्या राज्याच्या राजधानीत त्यांना एक रात्र काढण्यास छप्पर मिळाले नाही.

याचा दोष एकट्या महाराजांवर टाकणे अन्यायाचे होईल. त्यांना दोषातून सर्वस्वी मुक्त करणे हेही तितकेच अयोग्य होईल. सयाजीरावांची जाण अस्सल होती, पण ती कचेरीच्या उंबरठ्यावर अडली. 'नेमल्यावर हात घालू नये' हा माधवरावांचा पाठ शंभरांपैकी नव्वद प्रसंगी योग्य; परंतु खातेच जेथे अन्यायात सामील असते तेथे हात न घालणे म्हणजे अन्यायाला वाट देणे होय. अमरेलीत महाराजांनी कल्पनेच्या पाठीशी तेरा वर्षे उभे राहण्याचा धीर दाखविला; १९१७ साली एका माणसाच्या पाठीशी राज्ययंत्र तेरा दिवस देखील नीट उभे राहिले नाही. दादाभाईंना राजा नव्हता म्हणून जावे लागले. आंबेडकरांना राजा असूनही जावे लागले. बडोद्याच्या त्रेचाळीस वर्षांची ही दोन टोके शेजारी ठेवून पाहिली म्हणजे मन विषण्ण होते.

तेव्हा आरंभीच्या आख्यायिकेकडे परत जाऊ. 'राज्य करायला आलो आहे' हे उत्तर त्या मुलाने दिले असेलही. पण राज्य करणे त्याला त्या उत्तराने आले नाही. ते त्याला सहा वर्षांच्या पाठांनी, पुनःपुन्हा केलेल्या दौऱ्यांनी आणि आपल्याहून अधिक जाणणारांना शोधून आणण्याच्या सवयीने आले. अंतःप्रेरणा म्हणून आपण जिचा गौरव करतो ती बहुधा विसरलेल्या शिक्षणाचीच बेरीज असते. माणूस काय शिकला हे विसरतो, शिकल्यामुळे आलेली दृष्टी तेवढी राहते. तज्ज्ञाला तरी काय मिळालेले असते? त्याचे ज्ञान पुस्तकातून आलेले असो वा दप्तरातून, एखादे काम हाती घ्यावे किंवा नाही हे ते सांगत नाही. हाती घेतले तर बुडणार नाही, एवढे सांगते.

सार्वजनिक कामात वरच्या जागी बसणाराचे कर्तव्य यावरून तिहेरी ठरते. जे काम कोणी आपले मानलेले नाही ते ओळखणे हे पहिले. त्यासाठी जाणता माणूस शोधून त्याला मोकळीक देणे हे दुसरे. आणि त्या माणसाला खालचे यंत्र चिरडून टाकत नाही ना, याची स्वतः जाऊन खातरजमा करणे हे तिसरे. पहिल्या दोहोंसाठी सयाजीरावांचे नाव आदराने घेतले जाते व पुढेही घेतले जाईल. तिसरे किती अवघड आहे हे त्यांच्याच राजधानीने दाखवून दिले.

आपण शिक्षक मंडळी राज्ये चालवीत नाही. पण प्रत्येक शाळा हे एक लहानसे संस्थान असते. तिच्यात एखादा मोतीभाई असतो, त्याला कोणी विचारीत नाही. एखादा नवा विद्वान शिक्षक येतो आणि त्याला शिक्षककक्षात खुर्ची मिळत नाही. एखादे मूल गुरामागे असते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होत राहते. वर्गात बडोद्याची गोष्ट सांगताना राजवाड्यातील त्या उत्तरापाशी थांबू नये. अमरेलीपर्यंत जावे, ग्रंथांच्या पेटीपर्यंत जावे आणि मुलांचे वय झाले असेल तर त्या बागेतील संध्याकाळीपर्यंतही जावे.